आईचा माहेरचा बंब

हर्सूलच्या त्या भंगारवाल्यानं गल्लीत हाळी दिली, की तिकडं लांब फुलंब्री गावात बाया पातेली लपवायच्या, असा त्याचा आवाज! पण विकत घेतलेलं भांडं तो आठ दिवस मोडत नसे. "लोक पस्तावतात, भाई. परत येतात," म्हणायचा. मी खो खो हसायचो.

घरात गिझर आला, तसा आईचा माहेरचा तांब्याचा बंब मी तिला न विचारता त्यालाच विकला. "दुरुस्तीला दिलाय," अशी तिला थाप मारली. विसाव्या दिवशी ती म्हणाली, "चल, मीच बघून येते रे." तेव्हा धावलो.

"लई वाट पाहिली, भाई. कालच मोडला," तो म्हणाला. मी त्याला थापेचं सांगितलं. तो माझ्यासोबत घरी आला. आईपुढं मात्र त्याचा तो आवाज अगदी बारीक झाला.

"अम्मा, दुरुस्त करताना माझ्याच हातून फुटला. माफ करा."

"असू दे बाबा. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

आईनं त्याला चहा दिला. मी शेजारीच उभा होतो. त्या दिवशी खरं बोललो नाही, आणि पुढं आई गेली तोवरही नाही.