नळीतला पीळ

आमच्या शिकारी मंडळाच्या लाकडी घरात झोफ्कामावशी जवाचं कालवण रांधते. त्याआधी बावीस वर्षं तिने कारखान्यात बंदुकांच्या नळ्या तपासल्या होत्या, हे आमच्या मंडळातला द्रागो साफ विसरला.

त्या रविवारी त्याने आजोबांची रायफल सरावाच्या मैदानावर आणली. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या.

"नळी मेली. भंगारात घालतो!" तो करवादला.

मावशी पळीसकट बाहेर आली. "निशाण्याचा कागद दाखव."

"तू कालवण बघ, मावशी. करपेल."

"करपलेलं तुलाच वाढीन. दाखव म्हणते ना!"

कागदावरची छिद्रं गोल नव्हती, घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट होती. "गोळी आडवी होऊन लागलीये," ती म्हणाली. रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिने नळीत चिंधी गुंडाळलेली सळई सरकवली. गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या पिळाबरोबर सळई अगदी सावकाश फिरली.

"पीळ कमी आहे. तुझ्या लांब, जड गोळीला पुरेशी गिरकीच मिळत नाही. त्याच मापाची आखूड, हलकी गोळी घाल."

"जड गोळीत दम असतो!"

"बढाईतही असतो. लागते का कुठे?"

माझ्याकडे हलक्या गोळ्या होत्या. नळीवरचं आणि डबीवरचं माप तिने दोनदा ताडून पाहिलं. द्रागोने तीन झाडल्या. तिन्ही छिद्रं गोल, आणि एका अक्रोडाखाली झाकतील इतकी जवळ! आम्ही आरोळ्या ठोकल्या.

आत जाऊन द्रागोने ताट पुढे केलं. मावशीने पळीभर वाढलं.

"आजोबांची नळी शाबूत आहे, बाळा. तिच्यात पीळ कमी आणि नातवात जास्त, एवढीच गडबड होती."