ओळख पटलेल्या गाड्या

आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से सुट्या नट-बोल्टांसारखे जमतात. फेकायला जावं तर वाटतं, राहू दे, कधीतरी लागेल! आज डबा पालथा करतो.

मी अकोल्याकडचा. शाळा पाहिली नाही. अक्षरं ट्रकांच्या पाठी वाचून शिकलो. सारा जन्म ट्रक चालवले. आता दिल्लीत लेकीकडे मयूर विहारला राहतो आणि रोज फरीदाबादला पाजींच्या वर्कशॉपमध्ये जातो. पाजी मालक, रफिकभाई पेंटर, मला सगळे ताऊ म्हणतात. भंगारात निघालेले जुने ट्रक आमच्याकडे येतात. गाडी कोणती, कुणाची, हे कळलं तर पाजी ती पुन्हा उभी करतात. नाही कळलं, तर ती गॅस-कटरखाली जाते. ओळख पटवायचं काम माझं. या वयात देवाने असं काम दिलं, अजून काय पाहिजे!

*

एकदा एक ट्रक आला. नाक एका गाडीचं, केबिन दुसरीची, एक्सल तिसरीचा. एक इंजिनियर साहेब मोबाईलवर फोटो जुळवून जुळवून दमले. "ताऊ, मॉडेल कौनसा है?"

मी सावकाश एक चक्कर मारली. म्हटलं, "साब, ये गाडी नहीं, बारात है! हर गाँव से एक आया है!"

पाजी इतके हसले, की ती बारात आजही गेटजवळ उभी आहे.

*

एक शेठ आपला जुना ट्रक घेऊन आले. छाती फुगवून सांगत होते, "हमारे दादाजी ने नया खरीदा था. शाही सवारी!"

रफिकभाई जुना रंग पातळ पात्याने, पाणी मारत, एकेक थर उतरवतात. घाई नाही. लाल निघाला, निळा निघाला, पिवळा निघाला. सगळ्यात खाली, दारावर, सुबक अक्षरं निघाली: 'नगर निगम, कूडा गाडी'.

रफिकभाईंनी पातं पुसलं आणि फार अदबीने विचारलं, "दादाजी कौनसे डिपार्टमेंट में थे?"

*

इतक्या जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीकडे रस्त्यावर मनाई, म्हणून आवारातच फिरवतो. मोठी विदेशी कार चालवणारा एक तरुण हौसेने बसला. जुना गियर, दोनदा क्लच दाबल्याशिवाय पडत नाही. खर्र, खर्र! मी म्हटलं, "बेटा, जबरदस्ती नको. आधी गियरला विचार, मग टाक."

तासाभराने गियर पडला, पण वळवताना पोरगा घामाघूम. "अंकल, पॉवर स्टीअरिंग किधर है?"

पाजींनी त्याचे दोन्ही दंड थोपटले. "ये रहा!"

*

माझा मोतीबिंदू पिकला, तेव्हा पाजी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. रफिकभाईंनी पंधरा दिवस डोळ्यांत थेंब टाकले. सख्खे काय करतील! परत आलो, पहिल्याच ट्रकवर हात फिरवला तो डोळे मिटून. सवय!

"ताऊ, फिर ऑपरेशन किसलिए करवाया?" पाजी ओरडले.

"तुम दोनों की शकल देखने."

"तो बेकार गया!"

*

आणि झज्जरकडची ती बाई. डोक्यावर ओढणी, सोबत तरुण लेक. नवऱ्याने आयुष्यभर एकच ट्रक चालवला होता, आजारपणात तो विकला, आणि मग नवराही गेला. लेकीला आमच्या आवारात तसाच ट्रक दिसला होता. तीच म्हणाली, "ताऊ, बस इतना बता दो, यही है क्या?"

नंबरप्लेट नव्हती. चेसिसवरचा नंबर गंजाने खाल्लेला. रफिकभाईंनी रंग खरवडला, खाली नुसता पत्रा. मी बोनेटपासून मागच्या फळीपर्यंत हात फिरवला. अशा शेकडो गाड्या मी पाहिल्या आहेत, यात वेगळं काही हाताला लागेना. कटरवाला आलेला होता. खोटं बोलवेना. म्हटलं, "बेटी, कह नहीं सकता."

बाई म्हणाली, "एक बार भीतर बैठ लूँ?"

पाजी ओशाळले. "बीबीजी, ड्रायव्हरचं दार भिंतीला लागलंय, आणि हे क्लीनरच्या बाजूचं जाम आहे. चार दिवस झाले, तेल घातलं, पहार लावली. हलत नाही."

बाई दाराशी गेली. तळहाताने खिडकीखाली एक थाप मारली, गुडघा लावून दार जरासं वर उचललं, आणि ओढलं.

दार उघडलं!

कटरवाल्याने आपणहून गॅस बंद केला. बाई आत चढली, आपल्या जागेवर बसली. मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली,

"कितनी बार कही थी, यो दरवज्जा ठीक करवा ले!"