इंजिनाच्या पुढे घोडा

सुरतेतल्या नवागामच्या मराठी शाळेत मी सातवीला शिकवत होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वाफेची इंजिनं रुळांवरून नुकतीच गेली होती आणि माझे सासरे नोकरीवरून. स्वतःच्या निवृत्तीचं त्यांना काही वाटलं नव्हतं. इंजिनांवर मात्र अन्याय झाला असं त्यांचं ठाम मत होतं.

भुसावळच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलेले बाबा पुढे भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन झाले, मग ड्रायव्हर, आणि सुरत-भुसावळ पॅसेंजर चालवण्यात त्यांची उमर गेली. आता ते आमच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. शेजारच्या डिंडोलीकडून डिझेलची गाडी गेली की ते उठून खिडकी लावून घेत. आवाज सोसत नाही म्हणत. भिंतीपलीकडे दिवसभर कापडाचे लूम खडखडत, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

त्या वर्षी हेडमास्तरांनी शाळेच्या प्रदर्शनाला विषय ठरवला, ‘आगगाडीचा जन्म’. पुठ्ठ्याचं इंजिन मुलं करणार, तक्ते मी लिहिणार आणि भाषण माझे सासरे देणार. मी वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं आणि दुपारी बाबांना त्यातलं मराठीत सांगायला बसले.

सुरुवात त्यांना आवडली. इंग्लंडात वाफेच्या इंजिनानं सार्वजनिक मार्गावर पहिल्यांदा लोकांची गाडी ओढली, लोक कोळशाच्या उघड्या वाघिणींत बसले होते, हे ऐकून ते खूश झाले. मग मी पुढचं सांगितलं. त्या गाडीपुढे घोड्यावर बसून एक माणूस झेंडा घेऊन चालला होता. आणि उद्घाटनाचा सोहळा संपल्यावर त्या मार्गावर बरीच वर्षं इंजिनं मुख्यतः कोळसाच ओढत होती. प्रवाशांचे डबे घोडे ओढायचे.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“कुणी लिहिलंय हे?”

“एका इंग्रजानं.”

“तो कधी इंजिनावर चढला होता का?”

मला माहीत नव्हतं. त्यांना तेवढंच उत्तर पुरलं. मी चार पानी भाषण लिहून दिलं, ते त्यांनी नीट घडी करून खिशात घातलं. मला वाटलं, काम झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहिले. खिशाला हातसुद्धा लावला नाही. इंजिनापुढे घोडा होता ही थाप आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. इंजिनानं पहिल्या दिवसापासून माणसंच ओढली, आणि तीही वेळेवर, असं सांगून ते अर्धा तास स्वतःच्या पॅसेंजरबद्दल बोलले. त्यांच्या मागे माझा तक्ता होता. त्यावर मी तीन संध्याकाळी खपून एक तांबडा घोडा काढला होता. टाळ्या सुरू असताना हेडमास्तरांनी जाऊन तो तक्ता हळूच भिंतीकडे फिरवला. नंतर मला म्हणाले, भाषण फार अभ्यासपूर्ण झालं.

पुढच्या महिन्यात चाचणी होती. त्या मार्गावर सुरुवातीला प्रवाशांचे डबे कोण ओढत असे, असा मी प्रश्न घातला. अर्ध्या वर्गानं लिहिलं, ‘इंजिन. घोडा ही थाप आहे. बाईंचे सासरे स्वतः ड्रायव्हर होते.’ एका मुलीनं लिहिलं, ‘पुस्तकात घोडा, खरं इंजिन.’ मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले. बाबा समोरच भाजी निवडत होते. शेवटी इंजिनवाल्या सगळ्यांना मी अर्धे गुण देऊन टाकले. इतिहासाच्या बाजूनं एवढंच धाडस मला जमलं.

हे कुठल्या तरी पालकाकडून बाबांच्या कानावर गेलं. सुनेनं आपलं अर्धंच खरं धरलं, याचा त्यांना राग आला. आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एका दुपारी स्वतःच पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, पुढचं सांग.

दोन-तीन दुपारी मी वाचत राहिले. इंजिन कुणी बांधलं, मालक कोण होते, पहिल्या दिवशी मेजवानीला कोण बसलं, सगळं त्यात होतं. बाबांनी मधेच थांबवलं.

“फायरमन कोण होता?”

मी मागची पानं चाळली, पुढची चाळली, शेवटची सूची पाहिली. “नाही लिहिलं, बाबा.”

बाबांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता. मला वाटलं, आता पुस्तक पुन्हा खोटं ठरणार.

“मग घोडा असेल,” ते म्हणाले. “कोळसा टाकणारा माणूस ज्यांच्या ध्यानात राहिला नाही, ते घोडा मनानं कशाला घालतील?”

मी पुस्तक मिटलं. आपण बरोबर ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचनालयात परत केलं. वर्गात मात्र मी काही बोलले नाही. गुण आधीच प्रगतिपुस्तकात चढले होते.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाचा विषय होता उपग्रह. भाषणाला कुठल्याशा कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक आले. बाबांना बोलावणं नव्हतं, तरी तोच पांढरा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. घरी येताना मी विचारलं, कसं वाटलं.

“पोरगा बोलला छान,” ते म्हणाले. “पण उपग्रहावर चढलेला नाही, हे लगेच कळत होतं.”