कानाला लावलेला फोन

थांब वं पोरी, फोन ठेवू नको अन् ऐक. आपल्या आजीले फसवायले निघाली होती तू, शोभते काय तुले?

तू इंग्लंडात शिकायले गेली तेव्हापासून रोज तुझा फोन येई. शेजारीण म्हणे, "नशीबवान आहात बाई. आमचं पोरगं पुण्यात राहून सणाले बी फोन करत नाही." मी हसायची, पण मनात पाल चुकचुकायची. कारण तुझा फोन कधीच खोलीतून नसायचा. मागं बसचा आवाज, नाही तर दुकानातली गलबल. खोलीचं दार उघडलं, की लगेच "ठेवते आजी." काहून? खोलीत असं कोण आहे, ज्याच्यासमोर आजीशी बोलता येत नाही? तुझ्या मायले विचारलं, तर ती म्हणे, "तुमाले सगळ्यातच संशय."

एक दिवस बोलता बोलता गॅसवरचं दूध उतू गेलं. फोन तुरीच्या पोत्यावर ठेवून मी धावली. ओटा पुसून परत आली, तर तू आपली सुरूच! "हाव आजी... हाव... मंग काय म्हणे ते?"

कोण काय म्हणे? मी तर तिथं नव्हतीच!

"कोणाशी बोलून राह्यली तू?" मी दरडावलं. मग तू रडायलेच लागली.

फोन कानाला असला की रस्त्यात कोणी इंग्रजीत बोलायले येत नाही, म्हणाली. इथं वाशीमच्या कॉलेजात इंग्रजीत पहिली येणारी तू. तिथं तोंड उघडलं की लोक "काय?" म्हणून कपाळाला आठ्या घालत. अन् थोड्याच दिवसांत भर वर्गात उभं राहून बोलायचं होतं. नाही जमलं तर विषय राहणार.

"आजपासून रस्त्यावरून फोन केला तर उचलणार नाही."

"असं नको करू न आजी!"

दुसऱ्या दिवशी तुझ्या कॉलेजातून निघायच्या वेळेलेच फोन वाजला. मी त्याच्याकडं पाहत तूर निवडत बसली. जीव तुटत होता, पण हात लावला नाही. मग तू खोलीत पोचायच्या वेळेले आला, तेव्हा उचलला.

"आजी, पाव घ्यायले तीनदा सांगा लागलं दुकानातल्या बाईले."

"मंग काय झालं? तुझ्या आजोबाले दहादा सांगा लागते, तेही मराठीत!"

किती दिवसांनी हसली तू.

आता म्हणते, वर्गात बोलणं झालं, सरांनी शाबासकी दिली. असंल. पण जी पोरगी रिकाम्या फोनसंग इतकं गोड बोलते, तिच्या फोनवर भरवसा कसा ठेवू? वर्गात बोलली ते इथं माझ्यासमोर बसून इंग्रजीतच बोलून दाखव. मले एक अक्षर समजणार नाही, पण तुझं तोंड पाहिलं की खरं काय ते कळते. सुट्टी लागली की ये बाई लवकर.