धोबी अजून आला नाही

हेमकांत माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. लोक मला विचारतात, नाना, तुम्ही सातवी पास, आणि तुमचा भाऊ पाखरांचा एवढा जाणता कसा निघाला? मी सांगतो, आमचं घराणंच तसं आहे, रनाळ्यात कुणालाही विचारा. वायरमनची नोकरी पुष्कळ जण करतात. पण खांबावर चढल्या चढल्या, मान न वळवता, नुसत्या आवाजावरून मागे वेडा राघू बसलाय का खाटीक पक्षी, हे सांगणारा दुसरा वायरमन अख्ख्या नंदुरबार तालुक्यात असेल तर मला आणून दाखवा. दुर्बीण मी घेऊन दिली, तेवढं फक्त सांगून ठेवतो. बाकी सगळं त्याचं त्याचं.

त्याच्या बरोबरीचा एकच माणूस, तो म्हणजे उखा. उखा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर राखणदार आहे. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं सपाट मैदान, तिथं व्यापारी ओली लाल मिरची वाळत घालतात. कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिथं उखा आणि त्याची बायको दगूबाई राहतात. उखा मूळचा नर्मदेकाठचा, मणिबेलीकडचा. त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तो ऐन जवानीत होता. खाली आला, पथारीवर लागला, आणि आपली बोली तिथंच ठेवून आमच्यासारखं अहिराणी बोलायला लागला.

दोघांची ओळख झाली त्याला अकरा वर्षं झाली. पथारीजवळची लाइन तुटली होती म्हणून हेमकांत खांबावर चढला, आणि पलीकडच्या तारेवर नीलपंख येऊन बसला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच. हेमकांतच्या हातातली पक्कड हातातच राहिली. अर्धा तास झाला तरी वीज नाही. खालून उखानं वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तार जोडाले चढेल शे, का पाखरू देखाले?"

हेमकांत म्हणाला, "पाखरू देखाले. तार कोठे पयी जाई ऱ्हायनी?"

तार पळून जात नाही, हे उखाला पटलं. मग त्यानं सांगितलं, आता हा उडेल आणि त्या वाळक्या बाभळीच्या उजव्या फांदीवर बसेल. नीलपंख उडाला आणि उजव्याच फांदीवर बसला. सगळी वस्ती विजेविना आणि हे दोघं बाभळीखाली. तक्रार झाली, वरच्या साहेबानं हेमकांतला झापलं. त्याला त्याचं काही नाही. घरी येऊन मला म्हणाला, नाना, आज एक माणूस भेटला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं बरोबर. कधी तापीकाठी, कधी आमच्या शेतात, कधी नुसतं पथारीच्या बांधावर चहा घेत. बोलणं पाखरांचं कमी आणि घरचंच जास्त. दगूबाईचे गुडघे, आमच्या कापसावरची बोंडअळी, हेमकांतच्या मुलीचा, भूमिकाचा, बारावीचा अभ्यास. मधेच एक जण बोट वर करायचा आणि दुसरा गप्प व्हायचा.

आणि एक वही. वहीचा नियम उखानं घातला: दोघांनी मिळून पाहिलं तरच लिहायचं. एकट्यानं पाहिलेलं पाखरू वहीत नाही, मग ते सोन्याचं असो. हेमकांत तारीख आणि नाव लिहायचा. उखाला लिहिता येत नाही, तो शेजारी पाखराचा पाय काढायचा, पुढं तीन रेघा, मागं एक. तीच त्याची सही. दरवर्षी पावसाळा सरला की वहीत पहिलं नाव एकच असायचं: धोबी. काळापांढरा, चिमणीपेक्षा जरा लांब, जमिनीवर तुरुतुरु पळणारा आणि शेपटी सारखी वरखाली आपटणारा. थंडीचा पाहुणा तो. कुठून डोंगर ओलांडून येतो आणि आपल्या ओल्या मातीत किडे वेचतो. धोबी आला की यांचं वर्ष सुरू.

यंदा श्रावणात उखा पडला. शेडवर ताडपत्री बांधताना पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. इथं प्लास्टर झालं. मुलगा नवनीत सुरतेला कापड कारखान्यात आहे, तो धावत आला आणि म्हणाला, बाबा, चला माझ्याकडे, तिथं चांगले डॉक्टर आहेत. उखा नाही म्हणाला. का, ते त्यानं सांगितलं नाही, पण हेमकांतला ठाऊक होतं. उखानं एकदा गाव सोडलं होतं. थोडे दिवस खाली राहू म्हणून निघालेली माणसं परत गेली, तेव्हा जायला गावच उरलं नव्हतं. जागा सोडली की सुटते, हे त्यानं बघितलेलं.

नवनीत फारच धरून बसला, तेव्हा उखानं एक मुदत दिली. "धोबी ऊना का मी येस. वहीमा लिखाई जाऊ दे, मंग गाडीमा बसाड." म्हणजे धोबी आला की निघायचं. नवनीतला वाटलं, महिनाभराचाच प्रश्न आहे. तो तयार झाला.

इथं माझ्या भावानं जे केलं ते सांगतो. नवरात्राची तिसरी माळ होती. आम्ही दोघं शेतात होतो. विहिरीजवळ पाण्याचं थारोळं साचलेलं, त्याच्या काठाला काहीतरी तुरुतुरु पळालं. हेमकांतनं दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि खाली घेतली. मी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, चिमणी होती, नाना.

आता बघा, या माणसानं जन्मात कुठल्या पाखराला चुकीचं नाव दिलं नाही. मोठमोठ्या कॉलेजचे मास्तर चुकले, हा चुकला नाही. आणि त्यानं धोब्याला चिमणी म्हटलं. मला त्या दिवशी काही कळलं नाही, मी पाणी सोडायला निघून गेलो.

त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्यानं मला मागाहून सांगितलं. धोबी आलाय हे उखाला कळलं की दोघांनी तो पाहायचा, लिहायचा, आणि उखा सुरतेला जायचा. गेला की मग पथारीवर दुसरा राखणदार लागेल. खोली त्याला मिळेल. उखाला परत यायला जागा राहील का? म्हणून हेमकांत गप्प बसला. रोज ड्यूटी सुटली की तो पथारीवर जायचा, खाटेशी बसायचा, आणि उखा विचारायचा, "ऊना का?"

"नही. यंदा उशीर करी ऱ्हायना."

"करू दे," उखा म्हणायचा आणि विषय बदलायचा. दगूबाई चहा आणून ठेवायची. दसरा गेला. सकाळी दव पडायला लागलं, ज्वारीची कणसं भरली. दोघं मजेत होते. हेमकांत म्हणतो, इतके बरे दिवस आम्ही कधी काढले नव्हते. उखा खाटेवर, दरवाजा उघडा, समोर रिकामं मैदान, आणि कुणालाच कुठं जायचं नाही.

मग उखाचं प्लास्टर काढलं. डॉक्टरनं एक्स-रेचा नवीन फोटो काढला आणि सांगितलं, हाड वाकडं जुळतंय. दिवाळीच्या आत ऑपरेशन करून सरळ केलं तर चालेल फिरेल, नाही तर जन्मभर काठी. दगूबाईनं फोटोचं पाकीट पदराखालून काढून हेमकांतच्या हातात दिलं. उखा आत झोपलेला. ती हळूच बोलली, "भाऊ, तुमीन सांगा त्यास्ले. मन्हं काही चालत नही. त्या धोबीनी वाट देखत बसेल शेतस."

हेमकांतनं पाकीट उजेडात धरलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण हाड वाकडं दिसायला शिकावं लागत नाही. त्या माणसाचा पाय आपण धरून ठेवलाय, एवढं त्याला कळलं.

त्या दिवशी त्यानं ताट तसंच सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या घरात हेमकांत जेवला नाही असं होत नाही, म्हणून मी त्याला ओट्यावर बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "नाना, ती चिमणी नव्हती."

मी म्हटलं, मग आजच जाऊन सांग त्याला. तो म्हणाला, सांगून चालायचं नाही. एकट्याचं पाहिलेलं वहीत जात नाही, आणि वहीत गेलं नाही तर तो उठायचा नाही. पाखरू त्याच्या डोळ्यांपुढं आलं पाहिजे. मी विचारलं, पाखराला काय दोरी बांधून नेणार आहेस? तो पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी तो पथारीवर गेला. मैदान साफ करून झालं होतं, दोन दिवसांत मिरची पडणार होती. हेमकांतनं टाकीला पाइप लावला आणि उखाच्या दरवाजासमोरचा कोपरा भिजवायला घेतला. चांगला खाटेएवढा, चिखल होईल असा. पथारीवर पाणी म्हणजे देवळात चपला. मिरचीला ओल लागली की ती काळी पडते. मुकादम हिलाल पलीकडून चालत आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "वायरमनभाऊ, आठे मिरची पसरनी शे. तुमीन भात लावाले लागनात का?"

हेमकांतनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फोटोचं, धोब्याचं, सुरतेचं. हिलाल ऐकत राहिला. मग त्यानं सांगितलं, परवापर्यंत कोपरा वाळला पाहिजे, आणि स्वतःच पाइप थोडा पुढं ओढून दिला.

आता उखा गेला तर त्याची खोली कुणाची, हेही हेमकांतनं तिथंच विचारून घेतलं. हिलाल म्हणाला, दगूबाई देठ खुडायच्या कामावर आहेच, खोली तिच्या नावानं राहील, राखणीला मी माणूस बघतो तात्पुरता. तात्पुरता, हा शब्द हेमकांतनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. भाऊ कुणाचा शेवटी.

उखा खाटेवरून सगळं बघत होता. चिखल कशाला, असं त्यानं विचारलं नाही. नेहमीप्रमाणं "ऊना का?" हेही विचारलं नाही. हेमकांतला ते लागलं. सकाळी लवकर येतो म्हणून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडतानाच, हेमकांतची मोटरसायकल पथारीवर पोचली. वही पिशवीत, दुर्बीण गळ्यात. त्यानं आणि दगूबाईनं खाट दरवाजापर्यंत ओढली. समोरच्या चिखलावर पातळ धुकं. दगूबाई चुलीकडं गेली, हे दोघं बसले. ऊन बांधावरून खाली उतरलं, चिखलाच्या कडेला आलं. काही नाही. हेमकांतनं दुर्बिणीची काच सदऱ्याला पुसली.

मग पत्र्यावरून बारीक आवाज आला आणि एक काळंपांढरं पाखरू झोके घेत उतरलं. चिखलाच्या कडेनं पळालं, थांबलं, शेपटी वरखाली केली, पुन्हा पळालं. खाटेपासून सात-आठ हातांवर. भ्यायलं नाही, जसं काही घरचंच आहे.

हेमकांतनं दुर्बीण उखापुढं धरली. उखानं ती घेतली नाही. तो पाखराकडं बघत म्हणाला, "आज उशीर करी दिधा यानी. रोज ऊन पडाना पहिले येस."

चुलीजवळ दगूबाईनं चमकून वर पाहिलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

हेमकांतनं दुर्बीण मांडीवर ठेवली. "कवयपासीन?"

"दसराना दुसरा दिवसपासीन. तुले सांगतू तर तू वही काढतास." उखानं मान वळवली. "आनि तू?"

"नवरात्रनी तिसरी माय."

उखानं बोटांवर दिवस मोजले. "म्हंजे तू मन्हापेक्षा मोठा चोर शे."

मग तारखेवरून भांडण झालं. हेमकांत म्हणे तिसरी माळ लिहू, उखा म्हणे दसऱ्यानंतरची. शेवटी उखानंच आपला नियम काढला: दोघांनी मिळून पाहिला तो आज, म्हणून आजची तारीख. अकरा वर्षांत एवढ्या उशिरा धोबी कधी आला नव्हता. हेमकांतनं लिहिलं. उखानं पाखराचा पाय काढला.

वही परत देण्याआधी तो थांबला. खालची ओळ रिकामी होती. तिथं पुढं चक्रवाकाचं नाव यायचं, दिवाळीनंतर तापीवर जोडीनं उतरतात ते. उखानं त्या रिकाम्या ओळीवर, तारीख नसताना, नाव नसताना, आपलं तीन पुढं आणि एक मागं असं चार रेघांचं पाऊल आधीच उमटवून ठेवलं. मग वही मिटली आणि दगूबाईला म्हणाला, फोन लाव नवनीतला.

नवनीतनं एका घंटीत उचलला. कसे आहात, पाय कसा आहे, काही नाही. पहिलं विचारलं ते हेच: "बाबा, धोबी ऊना का?"

उखानं चिखलाकडं पाहिलं. धोबी अजून तिथंच होता.

"ऊना," तो म्हणाला, आणि पुढचं बोलायला फोन हेमकांतच्या हातात दिला.