कमळ, कमल नाही

आमचा जुना कॉम्प्युटर तापला की धुळीचा करपट वास येतो. आज तो नवी सिस्टम टाकायची का विचारून राहिला, आणि त्या वासासरशी मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरची एक दुपार आठवली.

दुकानदारानं यातच नवी सिस्टम टाकली होती. आईनं आपलं नाव टाइप केलं, तर ळच्या जागी चौकोन उमटला.

"मॅडम, ल लिख दो. यहाँ सब लिखते हैं."

"मी कमळ आहो. शाळेत कमल, रेशनकार्डावर कमल, आता घरातही कमलच होऊ का? जुनीच टाका परत!"

एका अक्षरासाठी केवढा तमाशा, असं तेव्हा वाटलं होतं. दुकानदारानं जुनी सिस्टम परत टाकली, तेव्हा आईनं पुन्हा आपलं नाव टाइप करून ठेवलं.

आई गेली. मृत्यूच्या दाखल्यावरही कमलच आलं.

नव्या सिस्टममध्ये ळ असतो म्हणे. असेल. मी 'नको' दाबलं. पडद्यावर तिनं लिहिलेलं नाव अजून तसंच आहे: कमळ.