पेंढा अस्वल बघायला जातो

संग्रहालयात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'पेंढा' म्हणत. मेलेल्या जनावरांची कातडी भरून त्यांना पुन्हा उभं करणं हे त्याचं काम. या नावाबद्दल त्याची तक्रार एवढीच, की आत हल्ली पेंढा नसतो. तार असते, भुसा असतो, प्लास्टर असतं. गेली एकतीस वर्षं तो हे न विचारताही सांगत आला होता. पेंढा जनावरांत नसून त्यांच्याशेजारी उभा असतो, हे सहकाऱ्यांचं म्हणणं मात्र त्याच्या कानावर कधी गेलं नाही. स्वतःविषयी त्याचं मत फार चांगलं होतं आणि ते त्याने कोणाचीही मदत न घेता बनवलं होतं.

त्याची थोर कृती म्हणजे मधल्या दालनातलं अस्वल. मागच्या पायांवर उभं, पंजे उगारलेले, जबडा वासलेला, आत लालभडक रंगवलेली जीभ. मुलं किंचाळत, आया फोटो काढत. हे अस्वल घडवताना त्याला जिवंत नमुना हवा होता, आणि त्या महिन्यात बायकोचे थोरले भाऊ रोज भांडायला घरी येत. पेंढ्याने भांडणात लक्ष न घालता त्यांच्या खांद्यांची मापं डोळ्यांनी टिपून घेतली. त्यामुळे ओळखीची माणसं अस्वलासमोर आली की हटकून मेहुण्यांची चौकशी करत.

नव्या क्युरेटर बाई आल्या आणि हे वैभव धोक्यात आलं. बाईंचं वय बत्तीस, शिक्षण अस्वलांचंच.

"काका, अस्वल असं उभं राहत नाही हो," त्या म्हणाल्या. "उभं राहतं ते वास घ्यायला, लांबचं बघायला. तोंड मिटलेलं, हात खाली. हा तर दम देणारा माणूस वाटतोय."

"मी सात अस्वलं सोलली आहेत, बाई."

"आणि जिवंत किती बघितलीत?"

एकही नाही. तारुण्यात एकदा तो प्राणिसंग्रहालयात गेला होता, पण तिथली जनावरं सारखी हलत असल्यामुळे अर्ध्या तासात परतला.

महिनाअखेर अस्वल गोदामात हलवायचं, असा बाईंनी हुकूम काढला. गोदामाचं छप्पर गळत होतं आणि कसर तिथे वंशपरंपरेने राहत होती. पेंढ्याच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. त्याची बाकीची निर्मिती, म्हणजे चार बदकं आणि एक सांबर, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात आधीच पोचली होती. अस्वल गेलं की तो जन्माला आल्याचा मधल्या दालनात काही पुरावा राहणार नव्हता.

त्याने दहा दिवसांची रजा टाकली. जंगलात जायचं, अस्वलाला पंजे उगारताना बघायचं आणि बाईंचं तोंड बंद करायचं.

"अहो, एकटेच?" बायकोने विचारलं.

"कामाला जातोय, मिरवायला नाही."

"बरं. डबा दोन दिवसांचाच देते. तिसऱ्या दिवशी कोणाशी तरी भांडून परत याल."

रस्ता खरोखर सुंदर होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, खाली नदी आणि नदीवर सकाळचं धुकं. पेंढ्याला ते पटलं नाही. संग्रहालयातल्या काचेमागच्या पडद्यावर रंगवलेले डोंगर याहून ठसठशीत होते. वळणावर हरणांचा कळप आडवा आला. गाडी थांबवून त्याने कळप निरखला आणि माना चुकल्या आहेत असा शेरा मारला. पुढे झाडावर बसलेल्या गरुडाची पिसं इतकी विस्कटलेली होती, की असला माल आपण दालनात पाठवलाच नसता, हे त्याने मोठ्याने बोलून दाखवलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

मुक्काम हॉस्टेलात. एका खोलीत आठ खाटा, एकावर एक. खालच्यावर झोपणाऱ्याने वरच्याचे पाय बघायचे आणि वरच्याने छताशी डोकं आपटायचं. बाकीचे सात जण विशी-पंचविशीतले, पाठीवर स्वतःएवढ्या पिशव्या घेऊन स्वतःला शोधायला निघालेले. ते हरवल्याची तक्रार मात्र कोणी कुठे दिलेली नव्हती. पेंढा त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनाही त्याचं काही अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी रस्त्यात कोल्हा दिसला. नुकताच कोणत्या तरी ट्रकखाली आलेला, पण कातडं शाबूत. दुसरा कोणी असता तर हळहळून पुढे गेला असता. पेंढ्याने गाडी बाजूला घेतली, डिकीतून सुरी आणि मीठ काढलं (सहलीला निघताना मीठ आणि सुरी घेणारा हा एकमेव प्रवासी असावा), झाडामागे बसून कोल्हा व्यवस्थित सोलला, मीठ चोळलं, कातडं आणि कवटी वर्तमानपत्रात गुंडाळून संध्याकाळी हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवली.

सकाळी खोलीत वास सुटला. आठ जणांनी एकमेकांच्या मोज्यांवर संशय घेतला. पेंढा या तपासात हिरिरीने सामील झाला आणि दोन निरपराध माणसांना मोजे धुवायला लावले. शेवटी वरच्या खाटेवरची मुलगी नाक दाबत खाली उतरली. ती दातांची डॉक्टर होती, बसने एकटीच फिरत होती. तिने थेट त्याचा लॉकर उघडला.

"काका, हा कोल्हा आहे."

"होता."

"लॉकरमध्ये?"

"मग काय उशाशी घेऊ?"

ती हसत सुटली. मग कवटी उचलून खिडकीशी गेली आणि जबडा उजेडात धरला. "याची दाढ किडलीय बघा. बिचारा दोन महिने एकाच बाजूने चावत असणार."

पेंढ्याने बघितलं. तसंच होतं. एकतीस वर्षं तो जनावरांना बाहेरच्या बाजूला चांगले दात बसवून देत आला होता, पण एखाद्याचं काही दुखत असेल हा विचार त्याला शिवला नव्हता. आताही फारसा शिवला नाही. मुलगी हुशार आहे, एवढंच त्याने मान्य केलं, आणि तेही मनात.

व्यवस्थापकाने पेंढा आणि कोल्हा दोघांनाही बाहेर काढलं. दातांची डॉक्टर पिशवी घेऊन मागोमाग आली.

"पुढच्या गावातल्या हॉस्टेलमागे कचऱ्याचा खड्डा आहे. तिथे सकाळी अस्वल येतं म्हणतात. मला गाडीतून न्या, मी जागा दाखवते. काचा मात्र चारही उघड्या ठेवायच्या."

अशा रीतीने, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याला मैत्रीण मिळाली. तिच्या डोक्यात काही बिघाड असावा असं त्याला वाटलं. त्याच्याशी बरं वागणाऱ्या प्रत्येकाबद्दल त्याला तसंच वाटे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते दोघं हॉस्टेलच्या मागच्या खिडकीत उभे राहिले. अस्वल आलं. खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसलं आणि दह्याचा प्लास्टिकचा डबा चाटू लागलं. डबा नाकावर अडकला. तो निघेपर्यंत जंगलाच्या राजवैभवाचं जे व्हायचं ते झालं. मग खिडकीचं दार करकरलं आणि अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

तोंड मिटलेलं. हात दोन्ही बाजूंना लोंबत. बस गेली की यायचीय, कळत नसलेला माणूस थांब्यावर जसा उभा असतो, तसं. थोडा वेळ त्याने वास घेतला, त्याला काही पटलं नाही, ते खाली बसलं आणि निघून गेलं.

"आजारी आहे ते," पेंढा म्हणाला.

"ठणठणीत आहे."

"तू ते मोबाईलवर घेतलंस?"

"सगळं."

"पुसून टाक."

"काका, मी दात काढते. पुरावे नाही काढत."

मग त्याने ते पुन्हा दाखव म्हटलं. पुन्हा. पुन्हा. मोबाईलची बॅटरी संपल्यावरच तो खुर्चीवरून उठला. परतीच्या वाटेवर हरणं आडवी आली तेव्हा त्याने शेरा मारला नाही. सातव्या दिवशी, कोणाशीही न भांडता, तो घरी पोचला. बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दालनात हमाल दोर घेऊन तयारच होते. बाईही होत्या. ती खिडकीतली सकाळ बाईंना ठाऊक नव्हती. पंजे उगारलेले बघितले म्हणून छातीठोक सांगितलं असतं, तर कदाचित खपलंही असतं.

"हलवू नका," पेंढा म्हणाला. "चुकलंय ते. मी दुरुस्त करतो."

"काय म्हणालात, काका?"

"एकदाच म्हणणार होतो. म्हटलं."

आठ दिवस पडद्याआड काम चाललं. त्याने छिन्नीने जबड्यातलं प्लास्टर फोडलं. सुकलेल्या ओठांवर ओली फडकी ठेवून ते मऊ केले. खांदे उसवताना उजव्या काखेतलं कातडं वीतभर फाटलं. तेव्हा तो खाली बसला आणि दुपारभर तसाच बसून राहिला. मग शिवायला घेतलं. शेवटी अस्वल उभं राहिलं. तोंड मिटलेलं, हात लोंबते, उजवा किंचित लांब.

बाईंनी दोन फेऱ्या मारल्या. "राहू दे इथेच," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

सोमवारी शाळेची सहल आली. चाळीस मुलं अस्वलासमोरून न थांबता गेली आणि शेजारच्या मगरीसमोर जाऊन मनसोक्त किंचाळली. मगर पेंढ्याच्या आधीच्या माणसाने केलेली, शेपटीपासून साफ चुकलेली, पण तोंड उघडं. एका बापाने मुलीला खांद्यावर घेतलं, अस्वलाकडे बघितलं आणि "दमलंय बहुतेक" म्हणून पुढे चालू लागला. एकतीस वर्षांत पेंढ्याच्या हातून एक काम बरोबर झालं होतं आणि ते बघायला कोणाला सवड नव्हती.

"अहो, निदान तोंड तरी उघडं ठेवायचं होतंत," शिपाई म्हणाला.

पेंढ्याने अस्वलाच्या काखेतला एक सुटा धागा कापला.

"त्याला काही बोलायचं नाहीये," तो म्हणाला, आणि मगरीसमोरची गर्दी ओलांडून जेवायला गेला.